उतारवयातील मोटार आणि विम्याचा हिशेब

ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्याची ख्याती जुनी आहे. माधवराव शिंदे यांनी 1905 साली सुरू केलेल्या या मेळ्यात एकेकाळी गुरेढोरे, कापडचोपड आणि संसारोपयोगी जिनसा यांची मोठी उलाढाल होई. आज मेळ्याचे सर्वांत मोठे आकर्षण मोटारगाडी हे होऊन बसले आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. मेळ्यातील विक्रेत्यांकडून घेतलेल्या व ग्वाल्हेरच्या परिवहन कार्यालयात नोंदविलेल्या वाहनांना रस्ता कराची निम्मी रक्कम माफ करण्याचे धोरण मध्य प्रदेश सरकारने अंगीकारले. 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी ही सवलत देण्यात आली. साहजिकच ज्यांना वर्षभर मोटार घ्यावयाची असते, ते मेळ्याची वाट पाहतात. या प्रतीक्षा करणाऱ्यांत निवृत्तांची संख्या थोडी नसते. दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून वसलेले लष्कर, शेजारचे मुरार आणि जुने ग्वाल्हेर मिळून झालेले हे शहर सरकारी नोकरांचे आणि निवृत्तांचे आहे. महालेखापालांचे कार्यालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, रेल्वे अशा ठिकाणी हयात घालविलेली असंख्य कुटुंबे येथे आहेत, आणि त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरेही आहेत. मुले पुण्या-बंगळुरास किंवा परदेशी, आणि येथे दोघेच वृद्ध पतिपत्नी, हे चित्र लष्करात जसे दिसते तसेच ते मडगावला, म्हापशाला आणि रत्नागिरीलाही दिसते. अशा घरात मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही. रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे जाण्याचे ते साधन असते.

रस्ता कराची सवलत ही एकदाच मिळणारी गोष्ट आहे. विम्याचा हप्ता मात्र मोटार दारात उभी असेपर्यंत दरसाल भरावयाचा असतो. कर वाचला म्हणून समाधानाने परतणारा ग्राहक त्याच व्यवहारात विम्यापोटी किती जास्त देऊन आला, याचा हिशेब बहुधा करीत नाही. मोटारीची किंमत, नोंदणी, विमा आणि इतर उपकरणे यांचा एकच एकत्रित आकडा सांगण्याची प्रथा देशभर रूढ झाली आहे. त्या आकड्यातील विम्याची रक्कम वेगळी काढून दाखवा, असे म्हणणारा ग्राहक विरळा. विक्रेत्याला विम्याच्या व्यवहारात मेहनताना मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या आग्रहाचे इंगित कळते. वास्तविक, विमा नियामक प्राधिकरणाने 2017 साली वाहनविक्रेत्यांसाठी घालून दिलेल्या नियमांनुसार विशिष्ट कंपनीचा विमा ग्राहकाच्या माथी मारण्यास मज्जाव आहे. मोटार एकाकडून आणि विमा दुसरीकडून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे. हा हक्क न बजावता घेतलेली करसवलत म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याचाच प्रकार होय.

विम्याचा हप्ता कशाकशाचा बनतो, हे समजल्याखेरीज त्यात काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हे उमगणार नाही. मोटारविम्याचे मुख्य भाग दोन. आपल्या वाहनामुळे दुसऱ्याच्या जिवाला वा मालमत्तेला हानी पोचली तर ती भरून देणारा तृतीय पक्ष विमा हा पहिला. तो कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरविते. ते दर ग्वाल्हेरला, पणजीला आणि मुंबईला सारखेच असतात. 1 जून 2022 पासून अमलात आलेल्या दरपत्रकात हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या खाजगी मोटारीस वर्षाला 2,094 रुपये, हजार ते दीड हजारपर्यंत 3,416 रुपये आणि त्यापुढील मोटारीस 7,897 रुपये असा आकार होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीसाठी हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. या भागात घासाघीस करण्यास जागाच नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा. त्याचे दर 2007 सालापासून कंपन्यांना मोकळे करण्यात आले. एकाच मोटारीसाठी दोन कंपन्यांच्या हप्त्यांत जो फरक आढळतो तो येथे. पूर्वीच्या दरपत्रकाने देशाचे दोन विभाग केले होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरे पहिल्या विभागात, आणि उर्वरित देश दुसऱ्या. ग्वाल्हेर आणि गोवा या दृष्टीने एकाच पंक्तीला बसतात, आणि त्यांना दर किंचित कमी पडतो. पुण्याला मुलाच्या पत्त्यावर मोटार नोंदवून ती गावी वापरणाऱ्या वडिलांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

आता प्रश्न वयाचा. विलायतेत विमा कंपन्या चालकाच्या वयाकडे बारकाईने पाहतात. कोवळ्या तरुणाला तेथे जबर हप्ता पडतो, मध्यमवयात तो उतरतो आणि सत्तरीनंतर पुन्हा चढू लागतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत ज्येष्ठ चालकाने सुरक्षित वाहनचालनाचा उजळणी वर्ग पूर्ण केल्यास हप्त्यात सूट देण्याची कायदेशीर तरतूद आहे. आपल्याकडे दरपत्रकाच्या जमान्यात चालकाच्या वयाला स्थानच नव्हते. गाडीचे वय, तिचे इंजिन आणि तिची किंमत यांचाच विचार होई. दर मोकळे झाल्यावर काही कंपन्या मालकाचे वय आणि व्यवसाय विचारू लागल्या असल्या, तरी ज्येष्ठ नागरिक म्हणून हक्काने मागता येईल अशी सवलत मोटारविम्यात कोठेही नाही. 2022 च्या सरकारी दरपत्रकात विजेवर चालणाऱ्या मोटारींना 15 टक्के सूट मिळाली, शाळांच्या बसगाड्यांना तितकीच मिळाली, आणि पुरातन म्हणून नोंदविलेल्या मोटारीला तर निम्म्या आकारात विमा देण्यात आला. वृद्ध मोटारीला सवलत आहे, ती जपून चालविणाऱ्या वृद्धाला मात्र नाही, ही विसंगती गमतीची वाटली तरी बोलकी आहे.

मग निवृत्ताने करावे काय? त्याच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन म्हणजे 'नो क्लेम बोनस'. एक वर्ष भरपाई न मागितल्यास स्वतःच्या वाहनाच्या हप्त्यात 20 टक्के सूट मिळते, आणि ती ओळीने 25, 35, 45 व 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाते. सावकाश आणि थोडेच वाहन चालविणारा वयस्क मनुष्य या शिखरावर सहज पोचतो, आणि एखाद्या क्षुल्लक ओरखड्यापायी तेथून खाली घसरतो. हा व्यवहार आकड्यांनी मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, सूट धरण्यापूर्वी हप्ता 8,000 रुपये आहे आणि 50 टक्के सूट मिळत आहे. फाटकाला घासून मोटारीचे 4,000 रुपयांचे नुकसान झाले. दीड हजार घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारीत पहिले 1,000 रुपये मालकानेच सोसावयाचे असल्यामुळे कंपनीकडून फार तर 3,000 रुपये हाती येतील. प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला गेला तर तेवढेही येणार नाहीत. उलट पुढील वर्षी सूट शून्यावर येऊन 4,000 रुपये अधिक द्यावे लागतील, त्यापुढील चार वर्षी अनुक्रमे 2,400, 2,000, 1,200 आणि 400 रुपये. हप्ता स्थिर धरला तर पाच वर्षांचा हा भुर्दंड 10,000 रुपये होतो, आणि त्यावर 18 टक्के कर वेगळा. तीन हजारांसाठी दहा हजार घालविण्याचा हा उद्योग केवळ 'विमा आहे ना, मग भरून घ्या' या गॅरेजवाल्याच्या सल्ल्यापायी घरोघरी चालू असतो.

ही सूट माणसाची असते, मोटारीची नसते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. जुनी मोटार विकताना कंपनीकडून तसा दाखला घेतला, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या मोटारीला तीच सूट लागू करता येते. मेळ्यात जुनी देऊन नवी घेणाऱ्या निवृत्ताच्या दृष्टीने ही बाब करसवलतीइतकीच मोलाची ठरू शकते. आणखी एक तरतूद तर दुःखाच्या प्रसंगी विसरलीच जाते. मालकाच्या निधनानंतर मोटार पत्नीकडे, मुलांकडे वा आईवडिलांकडे आली, तर त्याने कमावलेली सूटही त्यांच्याकडे येते. पतीच्या पश्चात मोटार आपल्या नावावर करून घेणाऱ्या वृद्धेने ती मागून घेतली पाहिजे, कारण न मागता ती पदरात पडेलच असे नाही. मात्र विम्याची मुदत संपून 90 दिवस उलटले की वर्षानुवर्षांची ही पुण्याई एका फटक्यात संपते.

काटकसरीच्या इतर वाटाही आहेत. प्राधिकरणाने 2022 च्या जुलैमध्ये जितके चालवाल तितक्याचा विमा, या पद्धतीला परवानगी दिली. एकाच मालकाच्या अनेक वाहनांसाठी एकत्रित विम्यालाही तेव्हाच मान्यता मिळाली. भाजी, बँक, देऊळ आणि दवाखाना एवढ्यापुरतीच ज्याची मोटार निघते, त्याने वर्षाला वीस हजार किलोमीटर धावणाऱ्याइतका हप्ता का भरावा? ठरावीक किलोमीटरांपर्यंतचा हा विमा निवृत्तांसाठीच योजलेला वाटावा इतका त्यांना सोयीचा आहे. नुकसानीचा ठरावीक हिस्सा स्वतः सोसण्याची तयारी दाखविल्यासही हप्ता कमी होतो. लहानसहान भरपाई मागावयाचीच नाही असे ठरविलेल्याला हा सौदा फायद्याचा पडतो. मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा प्रत्येक मोटारीच्या हप्त्यात पुनःपुन्हा भरण्याचेही कारण उरलेले नाही. अशा रकमेचा अपघात विमा आधीच काढलेला असेल तर तो दुसऱ्यांदा घ्यावा लागत नाही, हे 2019 पासून स्पष्ट झाले आहे. जोड-विम्यांच्या लांबलचक यादीतूनही गरजेचेच निवडावे. इंजिनात पाणी शिरून होणाऱ्या बिघाडासाठीचा जोड-विमा आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उपयोगी पडेल. ग्वाल्हेरच्या उंच वस्तीत राहणाऱ्याने तो घेण्यापूर्वी विचार करावा. उलट, खाऱ्या हवेने पत्रा गंजला तर त्याची भरपाई कोणताही विमा देत नाही, हे आमच्या वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

परंतु काटकसर आणि कंजुषी यांत अंतर आहे, आणि विम्याच्या बाबतीत ते ओलांडणे जिवावर बेतते. मोटार बारा-पंधरा वर्षांची झाली, तिची किंमत लाखाच्या आत आली, तर स्वतःच्या नुकसानीचा विमा सोडून देणे शहाणपणाचे ठरू शकते. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला 5,000 रुपये पडू लागले, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी तो आकार 10,000 रुपये करण्यात आला. जुने वाहन बाळगण्याचा खर्च सर्व बाजूंनी वाढत असताना मालकाने कोठे तरी हात आखडता घ्यावा, हे समजण्यासारखे आहे. मात्र तृतीय पक्ष विम्यावर कात्री चालविण्याचा मोह कदापि होऊ नये. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत असल्याची नोंद संसदीय समितीच्या अहवालात झाली आहे. विमा नसलेले वाहन पकडले गेले तर दंड 2,000 रुपये. हा दंड हप्त्याहून कमी पडतो असा हिशेब करणारे महाभागही आढळतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, दंड हा या व्यवहारातील सर्वांत स्वस्त भाग होय. अपघातात कोणी कमावता मनुष्य दगावला, तर मोटार अपघात न्यायाधिकरण त्याच्या कुटुंबाला लाखो रुपयांची भरपाई ठरवून देते. विमा असेल तर ती कंपनी भरते. नसेल तर मालकाचे घर आणि आयुष्यभर साठविलेल्या ठेवी यांच्यावर तो बोजा येतो. दुसऱ्या बाजूला त्या दगावलेल्या माणसाचे कुटुंबही हाती हुकूमनामा असून उपाशी राहते. चार हजार रुपये वाचविण्यासाठी दोन संसार टांगणीला लावण्याचा हा प्रकार आहे.

वाहन चालविण्याच्या परवान्याबद्दलही निष्काळजीपणा घातक ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न वर्षांपुढील चालकाला परवाना पाचच वर्षांसाठी मिळतो, आणि नूतनीकरणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. पूर्वी मुदतीनंतर तीस दिवसांची जी सवड असे ती आता राहिलेली नाही. परवान्याची मुदत संपून गेली आहे हे पुष्कळांना अपघातानंतर कळते, आणि मग स्वतःच्या वाहनाची भरपाई नाकारण्यास कंपनीला आयते कारण सापडते. हप्ता वेळेवर भरूनही हाती काहीच न लागण्याची ही पाळी एका तारखेच्या विस्मरणाने येते. विम्याच्या कागदावर परवान्याच्या मुदतीची तारीखही लिहून ठेवावी, आणि परगावी राहणाऱ्या मुलांनी वडिलांच्या औषधांइतकीच तिचीही चौकशी करावी.

ज्येष्ठांची बाजू मांडताना तिची दुसरी कडाही आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. वय वाढले की दृष्टी मंदावते, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, मान वळविणे जड जाते आणि ब्रेकवर पाय पडण्यास क्षणभर उशीर होतो. जपानने सत्तरीपुढील चालकांना उजळणी वर्ग आणि पंचाहत्तरीपुढील चालकांना स्मरणशक्तीची चाचणी बंधनकारक केली. परवाना स्वेच्छेने परत करणाऱ्या वृद्धांना तेथे अनेक ठिकाणी बस व टॅक्सीच्या भाड्यात सवलत मिळते. या व्यवस्थेत एक सरळ न्याय आहे. वृद्धाला वाहन सोडावयास सांगणाऱ्या समाजाने त्याला दवाखान्यापर्यंत पोचण्याचे दुसरे साधन दिले पाहिजे. आपल्याकडे रेल्वेच्या तिकिटातील ज्येष्ठांची सवलत 2020 च्या मार्चमध्ये काढून घेण्यात आली, आणि शहरांतर्गत बससेवेची अवस्था ग्वाल्हेरला काय किंवा आमच्या किनाऱ्यावर काय, अंधार पडल्यावर विचारूच नये अशी असते. अशा स्थितीत सत्तरीचा गृहस्थ चाकावर बसतो तो हौसेने बसत नाही.

म्हणूनच वयाच्या नावाने सरसकट दान मागावे असे आमचे म्हणणे नाही. सवलत कमाविण्याची संधी मात्र मिळाली पाहिजे. साठीनंतर डोळ्यांची तपासणी आणि वाहनचालनाचा छोटा उजळणी वर्ग पूर्ण करणाऱ्याला हप्त्यात ठरावीक सूट द्यावी. त्यात अपघात टळले तर कंपन्यांचाही लाभच आहे. कमी किलोमीटरांचा विमा अस्तित्वात आहे हे विमा उतरविणाऱ्याला आपण होऊन सांगण्याचे बंधन असावे, आणि सरकारी मालकीच्या चार विमा कंपन्यांनी त्यात पुढाकार घ्यावा. 2025 च्या जानेवारीत प्राधिकरणाने ज्येष्ठांच्या आरोग्य विम्याचा हप्ता विचारविनिमयाशिवाय वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढविण्यास कंपन्यांना मनाई केली. त्याच वर्षी 22 सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्यावरील वस्तू व सेवा कर शून्यावर आला. मोटारविम्यावर तो 18 टक्केच राहिला. कायद्याने सक्तीच्या केलेल्या आणि मुख्यतः परक्याच्या संरक्षणासाठी असलेल्या तृतीय पक्ष विम्यावर इतका कर असावा काय, याचा फेरविचार व्हावयास हवा. आणि मध्य प्रदेश सरकार जर मेळ्यात कराचा निम्मा वाटा सोडण्याइतके उदार असेल, तर प्रत्येक विक्रेत्याने विम्याची रक्कम वेगळी लिहून दाखवावी आणि विमा कोठूनही घेता येईल अशी पाटी लावावी, एवढी अट घालणे त्याला जड जाऊ नये.

सरकार आणि प्राधिकरण जागे होईपर्यंत ग्राहकाने स्वतः जागे राहावे. भरपाई अन्यायाने नाकारली गेली तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. मध्य प्रदेशासाठी त्याचे कार्यालय भोपाळला आहे, गोव्यासाठी पुण्याला. तेथे शुल्क पडत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. ज्यांनी हयातभर सरकारच्या किंवा पेढ्यांच्या खतावण्यांतील एकेक पैशाचा मेळ घातला, त्यांनी स्वतःच्या विम्याचा कागद न वाचता सही करावी, हे त्यांच्या लौकिकाला शोभणारे नाही. नूतनीकरणाच्या महिनाभर आधी तो कागद काढून, चष्मा लावून, ओळ न्‌ ओळ वाचावी. पुढील वर्षीची बचत त्या तासाभरातच व्हावयाची आहे.